कामावर अपघात झाला तर : मदत वेगळी, हक्काची भरपाई वेगळी



आज एका ताईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण तिची केस अजून चालू आहे. पण तिच्यासारख्या बाया तुमच्याही गावात असतील.

ही ताई हंगामात गुऱ्हाळावर कामाला जायची. वय पस्तीस. चरकाला ऊस लावायचं काम. एके दिवशी पहाटे ऊस लावताना हात आत ओढला गेला. कुणीतरी धावत जाऊन मोटार बंद केली, म्हणून हात वाचला. पण उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

मालकाने दवाखान्याचा खर्च केला. आठवड्याने घरी आला, वीस हजार रुपये दिले आणि एका कागदावर तिचा अंगठा घेतला. "मला सर्व रक्कम मिळाली, यापुढे माझी काही मागणी नाही," असं त्यावर लिहिलेलं. गाव म्हणालं, माणूस चांगला आहे, दुसऱ्याने एवढंही दिलं नसतं. तिलाही तसंच वाटलं. वर मालक म्हणाला होता, "तुझंच लक्ष नव्हतं." ते तिच्या मनाला इतकं लागलं, की चूक आपलीच आहे असं धरून ती गप्प बसली.

गटाच्या बैठकीत एकदा हा विषय निघाला, तेव्हा कळलं की कायदा काही वेगळंच सांगतो.

कायदा काय म्हणतो?

कामावर असताना, कामामुळे अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा आपल्याकडे 1923 सालापासून आहे. त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणतात. त्यातल्या तरतुदी आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेल्या आहेत. विजेवर चालणारी यंत्रं असलेला कारखाना, जिनिंग, डाळ मिल, गुऱ्हाळ, बांधकाम, ट्रॅक्टरने किंवा यंत्राने होणारी शेती, अशी बरीच कामं यात येतात. रोजंदारी असली, चारच महिन्यांचा हंगाम असला, तरी हक्क बुडत नाही.

"तुझं लक्ष नव्हतं" या कारणाने भरपाई नाकारता येत नाही. बारा तास काम केल्यावर कुणाचं लक्ष राहतं? कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, आणि त्यामुळेच अपघात झाला, तरच मालकाला सुटका मागता येते. मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर ही कारणंही चालत नाहीत.

"तू माझी कामगार नाहीस, ठेकेदाराची आहेस," असंही ऐकायला मिळतं. मालकाने आपल्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं असेल, तर भरपाई मूळ मालकाकडेही मागता येते. त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा व्यवहार.

भरपाई किती, हे कसं ठरतं?

मालकाच्या मनावर ते नसतं. त्याचा हिशेब ठरलेला आहे. तीन गोष्टी लागतात : महिन्याची मजुरी, वय आणि कमाईची ताकद किती टक्के गेली.

कोणता अवयव गेला तर किती टक्के, याचा तक्ताच कायद्यात दिला आहे. अंगठा गेला तर 30 टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर 20, तीन गेली तर 30, चारही गेली तर 50 टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर 40 टक्के. दोन्ही हात गेले तर 100 टक्के. तक्त्यात नसलेली इजा असेल, तर डॉक्टर तपासून टक्के ठरवतात.

वयासाठीही आकडा ठरलेला आहे. वय 30 असेल तर 207.98, वय 35 ला 197.06, वय 40 ला 184.17. वय कमी तेवढा आकडा मोठा, कारण पुढची कमाईची वर्षं जास्त.

आता आपल्या ताईचा हिशेब करू. पेन्सिल घ्या. तिची मजुरी महिन्याला 10,000 रुपये धरू. त्याचे 60 टक्के म्हणजे 6,000. त्याला 197.06 ने गुणलं की होतात 11,82,360. ही झाली 100 टक्के अपंगत्वाची भरपाई. तिचं अपंगत्व 50 टक्के, म्हणून याच्या निम्मे, म्हणजे 5,91,180 रुपये.

कुठे वीस हजार आणि कुठे पाच लाख एक्याण्णव हजार! शिवाय दवाखान्याचा खर्च वेगळा. तो मालकाने केला म्हणून भरपाईतून कापून घेता येत नाही.

हात मोडला आणि काही महिन्यांनी बरा झाला, असं असेल तर काम बंद असलेल्या काळात दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळतो. म्हणजे महिन्याला निम्मी मजुरी.

त्या कागदाचं काय?

ही गोष्ट प्रत्येकीने पाठच करून ठेवावी. कायद्याचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. आणि बाईला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने परस्पर हातात द्यायची नसते. ती भरपाईच्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि तिथून बाईला मिळते. जुन्या कायद्यात या अधिकाऱ्याला आयुक्त म्हणतात, नव्या संहितेत सक्षम प्राधिकारी. परस्पर दिलेली एकरकमी रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. बाईच्या हातातले पैसे कोण काढून घेतं, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावं!

म्हणून असा अंगठा दिला गेला असेल, तरी खचून जाऊ नका.

अपघात झाला की काय करायचं?

दवाखान्यात पहिल्यांदा विचारतात, "कसं झालं?" तेव्हा खरं सांगा : कामावर, अमुक यंत्रात हात गेला. "घरी पडले असं सांग," म्हणून कुणी शिकवलं तर ऐकू नका. केसपेपरवर लिहिलेलं पुढे सगळीकडे पाहिलं जातं.

केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. पोलिसात नोंद करा. मालकाला अपघाताची तारीख, वेळ आणि जागा लिहून कळवा आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा. सोबत कोण होतं त्यांची नावं लिहून घ्या. मजुरीचा पुरावा शोधा : मोबाईलवर आलेले पैसे, हजेरीची वही, सोबतिणीची साक्ष.

इथे गटाचा मोठा उपयोग आहे. कोण कुठे कामाला जाते, मजुरी किती, मालक आणि ठेकेदार कोण, हे गटाच्या वहीत दर महिन्याला लिहून ठेवा. अपघातानंतर "ही माझ्याकडे कामाला नव्हतीच," असं कुणी म्हणालं, तर ती वही कामी येईल.

अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा, एवढं पक्कं ध्यानात ठेवा. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला असाल, तरी आपण राहतो त्या भागातही अर्ज करता येतो. कुठे द्यायचा ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळेल. वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन नंबर 15100.

भरपाई देणं लागू झाल्यापासून महिन्याभरात मालकाने ती जमा केली नाही, तर त्यावर व्याज लागतं. विनाकारण टाळाटाळ केली, तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

आणखी दोन गोष्टी

पगारातून कामगार राज्य विम्याचे, म्हणजे ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर भरपाई मालकाकडे मागायची नसते. ती विमा महामंडळाकडून मिळते. बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के आणि कायमचं अपंगत्व आलं तर दर महिन्याला रक्कम.

स्वतःच्याच शेतात अपघात झाला, तर मालक कुणीच नसतो. त्यासाठी आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर 1 लाख. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच जा, मुदत थोडी असते.

आपली ताई अर्ज करायला गेली तेव्हा पावणेदोन वर्षं होऊन गेली होती. आणखी तीन महिने गेले असते तर मुदत टळली असती. पैसे अजून हातात आलेले नाहीत, तारखा चालू आहेत. पण आता ती खाली मान घालून बसत नाही. परवा बैठकीत तिने डाव्या हाताने सही केली. अजून अक्षर वाकडं येतं. पण सही तिची, आणि काय वाचून केली तेही तिला ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीत हा हिशेब एकदा सगळ्या मिळून करून बघा. आपापलं वय, आपापली मजुरी घालून. ज्यांच्या घरचं कुणी यंत्रावर काम करतं, त्यांना तो आधी समजावून सांगा.

काळजी घ्या. नमस्कार.