दोन घरांच्या मधले महिने

कॉलेज रोड, शरणपूर रोड, नाशिक रोड या भागांतून जाताना हल्ली पत्र्यांनी वेढलेले भूखंड सारखे दिसतात. जुन्या तीन मजली सोसायट्या पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. प्रत्येक पत्र्यामागे काही कुटुंबं अशी आहेत, ज्यांच्याकडे घराचे कागद आहेत, घर नाही. त्यांच्या जोडीला बदलीवर आलेले कर्मचारी, जुना फ्लॅट विकून नव्याच्या ताब्याची वाट बघणारी जोडपी आणि घरातल्या कोणाच्या मोठ्या आजारपणासाठी धुळे-नंदुरबारहून आलेली मंडळी. सगळ्यांची गरज सारखीच: दोन-चार महिने परवडेल असं छप्पर, आणि तिथे स्वतःचा स्वयंपाक करायची मुभा.

नेमकी हीच सोय मिळत नाही. नाशिकला एका रात्रीची सोय भरपूर आहे, अकरा महिन्यांचीही आहे. मधल्या महिन्यांचं कोणी बघत नाही.

खरं तर परक्याला ठेवून घेणं हे या गावाचं जुनं काम. पंचवटीत यात्रेकरू उतरत ते क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यांत. त्यांच्याकडच्या चोपड्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या असत, त्यामुळे नव्या माणसालाही ओळख विचारावी लागत नसे. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा, म्हणून मुक्कामही तेवढाच. गोरगरीब यात्रेकरूंची आबाळ पाहून गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू आणि नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. नाशिक रोडच्या मुक्तिधामाला धर्मशाळा आहे, त्र्यंबकला शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे. पण ही सगळी व्यवस्था यात्रेच्या हिशेबाने आखलेली. दोन-तीन दिवसांनी खोली सोडावी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण दारात पुढचा यात्रेकरू उभा असतो.

महिन्यांच्या हिशेबाने माणसं ठेवून घेतली ती देवळालीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी इथे लष्करी छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे सैनिक मुंबईच्या बोटीची वाट बघत तिथे थांबत. बोटी ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे हा मुक्काम कधी कधी महिनोन्‌महिने लांबे. कोरड्या हवेमुळे पुढे मुंबईचे पारशी, गुजराती, जैन, बोहरी इथे येऊ लागले. क्षयावर औषध नव्हतं, डॉक्टर हवापालट सांगत, आणि हवापालट चार दिवसांत होत नाही. म्हणून त्या त्या समाजाच्या ट्रस्टांनी लॅम रोड आणि आसपास सॅनेटोरियम बांधली. हॉस्पिटलसारखी नव्हेत. खोल्यांचे ब्लॉक, पुढे व्हरांडा, आत कॉट आणि स्वयंपाकाची सोय. भाडं ट्रस्टच्या देखभालीपुरतं. कुटुंबं येत, महिना-दोन महिने संसार मांडत आणि परत जात. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पुढच्या काही वर्षांत क्षयाची औषधं मिळू लागली आणि या इमारतींचं मूळ काम संपलं. बऱ्याच जागा आता सुट्टीत राहायच्या झाल्या आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनाही देवळालीनेच आधी छप्पर दिलं, आणि त्यातली पुष्कळ कुटुंबं इथलीच झाली.

सॅनेटोरियमचा हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण यात सगळं गणित उलगडतं. हॉटेलची खोली महाग पडते ती रोजची साफसफाई, रोजचा नवा माणूस आणि रिकाम्या राहणाऱ्या दिवसांचा खर्च धरून. महिनाभर एकच कुटुंब राहिलं, झाडलोट आणि स्वयंपाक त्याचं त्याने केलं, तर हे सगळे खर्च गळून पडतात. अमेरिकेत घर विकलेली किंवा घर गमावलेली हजारो कुटुंबं चाकांवरच्या घरात राहतात. त्यांच्यासाठीच्या तळांवर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते, आणि महिन्याचा दर रोजच्या दराच्या तीसपटीहून बराच कमी असतो. त्यामागचा हिशेबही हाच.

मग नाशिकमध्ये गाडीतलं घर का नको, असं तरुण मुलं विचारतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण ते पर्यटनासाठी आहे. त्यात दोन रात्रींच्या पाहुण्याचा विचार आहे, बेघर झालेल्या संसाराचा नाही. शिवाय आपली व्हॅन घरासारखी बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. शाळेत जाणारी मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज हाताशी असलेला खरा उपाय म्हणजे थोड्या मुदतीचा लिव्ह अँड लायसन्स करार. अकरा महिन्यांशिवाय करार होतच नाही, असं एजंट छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. अकराचा आकडा आला १९०८ च्या नोंदणी कायद्यातून: वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक वर्षाच्या आत थांबू लागले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. आता करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांनी मालकाचं काहीही वाचत नाही. तीन महिन्यांचा करारही तितकाच कायदेशीर आहे.

खर्चही बेताचा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून. समजा महिना १२,००० भाडं, ३०,००० अनामत, तीन महिने. भाड्याचे ३६,००० आणि व्याजाचे ७५० मिळून ३६,७५० रुपये. त्याचा पाव टक्का शंभराच्या आत येतो. नाशिक महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंटाचे पैसे वेगळे, पण ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते, ती स्वतःही करता येते.

इथे एक धोका मात्र डोळ्यांत तेल घालून टाळायला हवा. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. बिल्डरने सांगितलेली ताब्याची तारीख क्वचितच पाळली जाते. म्हणून करार थोडा लांब ठेवावा आणि एक महिन्याच्या नोटिशीने आपल्याला लवकर सोडता येईल असं कलम घालून घ्यावं. लॉक-इनची अट मान्य करू नये. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची पोच आणि सोसायटीचं पत्र सामान हलवण्याआधी हातात असावं.

जागा शोधायची कुठे? सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे सिडको, पाथर्डी फाटा, श्रमिकनगर या पट्ट्यात कामगारांना खोल्या देणारी घरं पुष्कळ आहेत, आणि गंगापूर रोडपेक्षा तिथे भाडं कमी. म्हसरूळ, आडगावकडे रो-हाऊसचा वरचा मजला मिळतो. विद्यार्थ्यांच्या खोल्या परीक्षा संपल्यावर रिकाम्या होतात. मे-जूनमध्ये मालक दोन महिन्यांना तयार होतो, जुलैत प्रवेश सुरू झाले की नाही. एकट्याने राहायचं असेल तर पीजी किंवा होस्टेल बघावं. तिथे माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामाला जीएसटी माफ आहे. राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यालाही जीएसटी नाही. स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. दोन घरांच्या मधल्या माणसाला याचा फार उपयोग होतो.

पुनर्विकासातल्या सभासदांनी तर आधी स्वतःचा हक्क वाचावा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी सरकारने निर्देश काढले आहेत. विकासकाने शक्यतो त्याच परिसरात पर्यायी जागा द्यावी, नाहीतर सभासदांना मान्य होईल असं मासिक भाडं आणि अनामत द्यावी, हा त्यामागचा विचार आहे. ही रक्कम करारात वर्षागणिक वाढीसह लिहून घ्यावी, नाहीतर तिसऱ्या वर्षी ती बाजारभावाला पुरत नाही. हे भाडं म्हणजे सभासदाचं उत्पन्न नव्हे आणि त्यातून टीडीएस कापायचा नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये म्हटलं आहे. नवा फ्लॅट घेऊन अडकलेल्यांसाठी रेरा कायद्याचं कलम १८ आहे: व्यवहार न सोडता ताब्याच्या प्रत्येक महिन्याच्या विलंबावर व्याज मागता येतं. बहुतेक लोक ते मागतच नाहीत, आणि भाडं खिशातून भरत राहतात.

ज्यांच्याकडे अनामतीचेही पैसे नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न सगळ्यात बोचरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा असं सांगितलं, त्यानंतर महापालिकांना बेघरांसाठी निवारे उभारावे लागले. नाशिकलाही आहेत. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येणारी कुटुंबं तिथे पोचत नाहीत. ती बागेच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत नाहीतर पालात हंगाम काढतात, मुलांसकट. त्यांचा मुक्कामही महिन्यांचाच असतो, आणि त्यासाठी करार नावाची गोष्ट कोणी केलेली नसते.

आता सिंहस्थ कुंभमेळा आला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ च्या ध्वजारोहणापासून जुलै २०२८ पर्यंत हे पर्व आहे, आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. या काळात घरमालकांना रोजचं गिऱ्हाईक मिळेल, महिन्याच्या भाडेकरूला जागा सोडायला सांगितलं जाईल. ज्यांची घरं या दरम्यान पाडली जाणार आहेत, त्यांनी करार आत्ताच पर्वाच्या पलीकडच्या तारखेपर्यंत करून नोंदवून घ्यावेत.

आणि महापालिकेला, पंचवटीतल्या धर्मशाळांच्या आणि देवळालीतल्या सॅनेटोरियमच्या विश्वस्तांना एक विनंती आहे. पर्व आटोपल्यावर त्यासाठी वाढवलेल्या खोल्यांपैकी काही तरी महिन्याच्या दराने, चुलीच्या सोयीसह, नाशिकच्याच घर नसलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवा. हे काम तुमच्या संस्थांनी पूर्वी केलेलं आहे.