मुलांना रॉकच्या मैफलीला नेताना : कान झाकायचे तर घरातल्या सगळ्यांनी

मुलांना गाण्याला बरोबर नेण्याची सवय बडोद्यातल्या मराठी घरांना जुनीच आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांच्या देखरेखीखाली इथे गायनशाळा सुरू झाली. पुढे उस्ताद फैयाज खाँ दरबारचे गायक झाले. बैठकीला आईवडील निघाले की मुलंही निघत. काही ऐकत बसत, काही सतरंजीवरच झोपी जात. कानावर पडलं ते त्यांच्याजवळ राहत असे.

आता त्याच घरांतली मुलं आईबाबांबरोबर वेगळ्या गाण्यालाही जाऊ लागली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले अहमदाबादला येऊन गेले. त्याच वर्षी १७ मे रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम झाला. ज्यांची गाणी बाबांनी कॉलेजात असताना कॅसेटवर ऐकली, ते कलाकार आता एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर ऐकायला मिळतात. साहजिकच घरात प्रश्न उभा राहतो: बारा वर्षांची थोरली तर येणारच म्हणते, पण सहा वर्षांच्या धाकट्याला न्यावं की आजीकडे ठेवावं?

आमचं मत असं, की तिकिटावर वयाची अट आड येत नसेल तर दोघांनाही अवश्य न्यावं. मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. बैठकीतलं गाणं मुलांच्या कानांना कधी इजा करत नव्हतं. मैदानातलं रॉक करू शकतं. मुलांना गाण्याला नेण्याची आपली सवय चांगलीच आहे, नवा आहे तो आवाज. त्या आवाजाचा हिशेब समजून घेतला तर ही मैफल मुलांना आयुष्यभर पुरेल.

क्लासिक रॉक म्हणजे काय?

साधारण १९६० ते १९८० च्या दशकांत गाजलेल्या इंग्रजी रॉक संगीताला आज 'क्लासिक रॉक' म्हणतात. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, क्वीन ही त्यातली ठळक नावं. हे नाव त्या काळातलं नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतली काही रेडिओ केंद्रं फक्त जुनं रॉक वाजवू लागली आणि तेव्हापासून ते रूढ झालं.

हे संगीत आपल्यापासून वाटतं तितकं दूर नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पारशी घरातला फारुख बलसारा. बलसार म्हणजे आजचं वलसाड, आपल्या मुंबईच्या गाडीच्या वाटेवरचं. त्याचं शिक्षण पाचगणीला झालं आणि पहिला बँडही त्याने तिथल्या शाळेतच केला. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स बेंगळुरू आणि मुंबईत वाजवून गेले. मुलांना निघण्याआधी या गोष्टी सांगाव्यात. वलसाड स्टेशन आलं की धाकटा स्वतःच आठवण करून देईल.

आवाज किती आणि किती वेळ

या संगीतात मोठा आवाज ही एके काळी अभिमानाची गोष्ट होती. १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टन फुटबॉल मैदानावर 'द हू' या बँडचा आवाज सुमारे ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुढे कानांना होणाऱ्या इजेला उत्तेजन नको म्हणून गिनीजने हा विक्रमच बंद केला. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या कानांचं नुकसान झाल्याचं नंतर उघडपणे सांगितलं. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये कानांच्या त्रासामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला.

असं का होतं? आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटा आल्या की त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि ताण हद्दीबाहेर गेला तर मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. सहाव्या वर्षी गेलेलं ऐकणं साठाव्या वर्षीही गेलेलंच असतं.

नुकसान आवाजाची पातळी आणि ऐकण्याचा वेळ या दोन्हींवर ठरतं. मोबाइल-हेडफोनसारख्या साधनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याचा हिशेब दिला आहे: मोठ्यांसाठी ८० डेसिबलला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. मुलांच्या बाबतीत ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, असं उतरत जायचं.

रॉकच्या मैफलीत १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. कार्यक्रमांच्या जागांसाठी याच संघटनेने २०२२ मध्ये जी कमाल मर्यादा सुचवली, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलच आहे. वरच्या हिशेबाने १०० डेसिबलला मोठ्यांचा आठवड्याचा वाटा पंचवीस मिनिटांच्या आत संपतो. मुलांचा संपतो सात-आठ मिनिटांत, म्हणजे दुसरं गाणं संपेपर्यंत. कार्यक्रम मात्र दोन-अडीच तासांचा असतो.

आता कानांवर साधन चढवून हाच हिशेब करू. चांगल्या इअरमफने आवाज प्रत्यक्षात १५ डेसिबलने जरी कमी झाला, तरी १०० चे ८५ होतात आणि मुलांचा वेळ सात मिनिटांवरून जवळजवळ चार तासांवर जातो. अडीच तासांची मैफल त्यात बसते. गाणं तेच, जागा तीच, फरक फक्त कानांवरच्या दोन वाट्यांचा.

दोन मुलं, दोन साधनं

धाकट्यासाठी इअरमफ घ्यावेत. हेडफोनसारखे दिसणारे, कान पूर्ण झाकणारे आणि लहान डोक्याच्या मापाचे. कानात घालायचे फोमचे बोळे लहान मुलांच्या अरुंद कानात नीट बसत नाहीत, आणि काढून तोंडात घातले तर घशात अडकण्याची भीती असते. पाकिटावर २५ किंवा ३० डेसिबल छापलेलं असतं, पण तो आकडा प्रयोगशाळेतला. वाटी आणि कान यांच्यामध्ये केस, टोपी किंवा चष्म्याची काडी आली की तो घसरतो. म्हणून वर आम्ही १५ च धरले.

थोरलीच्या कानात वाद्यवादक वापरतात तसे इअरप्लग चालतील. ते सगळे सूर सारख्या प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे गाणं गढूळ वाटत नाही. अनेकांना तर शब्द आणि गिटार अधिक स्पष्ट ऐकू येतात. कापसाचे बोळे मात्र निरुपयोगी आहेत. 'नॉइज कॅन्सलिंग' हेडफोनही या कामासाठी बनवलेले नसतात.

साधन कुठलंही असो, ते मैदानावर पहिल्यांदा घालू नये. आधी आठवडाभर घरात रोज वीस मिनिटं, त्या बँडची गाणी लावून घालायला द्यावं. त्यात दोन कामं होतात. वाट्यांची सवय होते आणि गाणीही ओळखीची होतात. ओळखीचं गाणं आलं की लहान मूल आनंदाने ऐकतं. अनोळखी आवाजात तेच मूल घाबरतं.

धाकटा कुणाकडे बघतो?

खरी अडचण पुढेच आहे. धाकट्याच्या कानांवर वाट्या आणि थोरलीचे कान उघडे, असं झालं की पंधराव्या मिनिटाला धाकटा वाट्या काढून हातात घेतो. आपण 'बाळ' आहोत हे त्याला मान्य नसतं. थोरली काढते, कारण शेजारच्या रांगेत कुणीच घातलेलं नसतं आणि तिला आपण वेगळं दिसायला नको असतं. आई-बाबा तर घालतच नाहीत. त्यांना वाटतं, आपलं एवढं वय झालं, आता काय व्हायचंय.

धाकटा थोरलीकडे बघतो आणि थोरली आई-बाबांकडे. म्हणून घरातल्या सगळ्यांनी घालावं. चौघं असतील तर चार जोड्या. मोठ्यांचा वाटा पंचवीस मिनिटांत संपतो, हे वर आलंच आहे. त्यांनाही साधनाची गरज आहे. थोरलीला तर सांगायलाच हवं, की मंचावरचे बहुतेक वादक स्वतः कानात काही ना काही घालून वाजवत असतात. ते टीव्हीच्या पडद्यावर दाखवून द्यावं. एकदा तिला पटलं की धाकट्याला पटवण्याचं काम तीच करते, आणि आपल्यापेक्षा चांगलं करते.

जागा, वेळ आणि बाहेर पडणं

तिकीट काढण्याआधी वयाची अट वाचावी. ती कार्यक्रमागणिक वेगळी असते, आणि एकाच कार्यक्रमात उभं राहायच्या भागाला एक, बसायच्या भागाला दुसरी, असंही असतं. मुलांबरोबर बसायचीच जागा घ्यावी. उभ्या गर्दीत सहा वर्षांच्या मुलाला पुढच्याची पाठच दिसते.

मंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरच्या रांगांसमोरची जागा टाळावी. मोठ्या मैदानावर मध्ये आणि मागेही स्पीकरचे मनोरे उभारतात, त्यामुळे मागे बसलो म्हणजे आवाज कमी, असं धरून चालू नये. मनोऱ्यापासून लांबच बसावं. मैदानाच्या मध्यावर जिथून ध्वनिसंयोजन चालतं, त्याच्या आसपास आवाज सर्वांत समतोल असतो. घरात कुणाला फिटचा त्रास असेल तर झगमगत्या दिव्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

शक्य असेल तर दोन मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. धाकटा दीड तासाने कंटाळेल, हे गृहीतच धरावं. त्याला घेऊन कोण बाहेर पडणार, हे घरूनच ठरवलेलं असावं. एकच मोठं माणूस असेल तर धाकट्याच्या झोपेची शिक्षा थोरलीला होते, आणि पुढच्या वेळी ती त्याला बरोबर घ्यायलाच नको म्हणते. बाहेर भेटायची खूण ठरवून ठेवावी आणि धाकट्याच्या मनगटावर फोन नंबर लिहावा. गर्दीत नेटवर्क बऱ्याचदा मिळत नाही.

एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे, आणि राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. त्यामुळे मैदानावरचे कार्यक्रम बहुधा दहाच्या सुमारास आटोपतात. दुपारी मुलांना झोपवून नेलं तर तेवढं जागरण त्यांना जमतं.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी दोघांनाही सरळ विचारावं: कानात शिट्टी वाजते का? कान बुजल्यासारखे वाटतात का? लहान मूल हे आपणहून सांगत नाही. ते फक्त टीव्हीचा आवाज वाढवतं किंवा हाकेला उशिरा ओ देतं. असं काही वाटलं तर एक-दोन दिवस हेडफोन बंद ठेवावेत आणि घरात शांतता ठेवावी. त्रास त्यापुढेही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. शिट्टी थांबली म्हणजे काहीच झालं नाही, असंही समजू नये. तो कानाने दिलेला इशारा असतो.

घरात आलेल्या या चार जोड्या कपाटात ठेवून देऊ नयेत. आपल्याकडे नवरात्रात नऊ रात्री गरब्याची मैदानं गाजतात, आणि गणपतीच्या मिरवणुकीत डीजेची गाडी मुलांच्या अगदी जवळून जाते. तिथले स्पीकर मुलांच्या कानांना रॉकच्या स्पीकरपेक्षा वेगळे वाटत नाहीत. यंदा विसर्जनाला निघताना थोरलीने आपले प्लग घातले आणि धाकट्याने न सांगता वाट्या चढवल्या, तर मैफलीच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले असं खुशाल समजावं.