कॉम्प्युटर घेताना चिपसेटचे नाव विचारा

२०१७ साली जीएसटी आला आणि ज्यांनी आयुष्यभर लाल वहीत हिशेब लिहिला, त्यांच्याही दुकानात कॉम्प्युटर आला. बिले, ई-वे बिल, स्टॉक सर्व त्यावर. भरतकाम आणि जॅकार्डवाले कारागीर तर डिझाईनही त्यावरच काढतात. परंतु कॉम्प्युटर विकत घेताना आपले बंधू तीनच गोष्टी विचारतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क किती? विक्रेता म्हणतो, "भाई, आय-फाईव्ह आहे, डोळे झाकून घेऊन जा." सौदा पक्का होतो. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मशीन किती वर्षे कामाला येणार हे बरेचसे त्या चौथ्या प्रश्नावर अवलंबून असते. तो प्रश्न म्हणजे, मदरबोर्डवर चिपसेट कोणता आहे?

कॅबिनेटचे झाकण काढले की आत जी मोठी हिरवी किंवा काळी पाटी दिसते, ती मदरबोर्ड. पंख्याखाली दडलेला असतो तो प्रोसेसर. त्याच पाटीच्या उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्याकडे बहुधा ॲल्युमिनियमचा एक चपटा तुकडा बसवलेला असतो. त्याखाली चिपसेट असतो. डिस्क, यूएसबी, आवाज, नेटवर्क, जादा कार्ड बसवण्याच्या खाचा, यांचा बहुतेक कारभार त्याच्याकडे. पेढीचे उदाहरण घ्या. शेठ गादीवर बसून हिशेब करतो, निर्णय घेतो. गाठी उतरवणे, गोदामात लावणे, गिऱ्हाईकाचा माल बाहेर काढणे हे मुकादम पाहतो. शेठ कितीही हुशार असला, तरी मुकादमाकडे दोनच हमाल आणि एकच दार असेल तर माल त्याच हिशेबाने हलणार. प्रोसेसर हा शेठ, चिपसेट हा मुकादम.

याला "सेट" का म्हणतात? १९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला तेव्हा ही कामे करण्यासाठी बोर्डवर कितीतरी सुट्या लहान चिपा लावलेल्या असत. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीने त्या एकवटून मोजक्या चिपांचा संच बनवला. हे काम दादो बनाताओ यांच्या नावाशी जोडले जाते. ते फिलिपाईन्सच्या खेड्यातील शेतकऱ्याचे पुत्र. असा तयार संच बाजारात मिळू लागल्यामुळे लहान कंपन्याही स्वस्त बोर्ड बनवू लागल्या आणि कॉम्प्युटर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पुढे संचात दोन मुख्य चिपा राहिल्या, नॉर्थब्रिज आणि साऊथब्रिज. रॅम आणि ग्राफिक्स पहिलीकडे, डिस्क-यूएसबी दुसरीकडे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये रॅमचा कारभार प्रोसेसरच्या आतच नेला, त्यामुळे नॉर्थब्रिजचे काम संपत गेले. आजच्या साध्या बोर्डावर एकच चिप असते. सेट म्हणतात खरे, पण नग एक.

आता पैशाची गोष्ट. चिपसेटमध्येही मालाप्रमाणे प्रती असतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी एच-६१०, बी-७६० आणि झेड-७९० असे चिपसेट आहेत. प्रोसेसर तिन्हींवर तोच बसतो, मात्र एच-६१० वर रॅमच्या खाचा दोनच मिळतात आणि यूएसबी व डिस्कची दारे कमी असतात. बी-७६० वर रॅमच्या चार खाचा देता येतात. (देता येतात, देतातच असे नाही. बोर्ड बनवणारा तेथेही काटकसर करतो, म्हणून मोजून पाहावे.) झेड हा प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा शौक असणाऱ्यांसाठी आहे. माझे स्पष्ट मत असे की बिले आणि स्टॉकपुरते काम असेल तर एच पुरेसा आहे. तेथे झेडसाठी पैसे घालणे म्हणजे अस्तराला रेशीम लावणे होय. डिझाईनच्या मोठ्या फायली उघडणाऱ्या कारागिराने मात्र बी घ्यावा, कारण दोन वर्षांनी रॅम वाढवण्याची वेळ त्याच्यावरच येते.

खरी फसगत होते ती जुन्या चिपसेटात. "आय-फाईव्ह" हे नाव २००९ पासून चालत आले आहे. दुसऱ्या पिढीचा आय-फाईव्ह २०११ चा, बाराव्या पिढीचा त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी आलेला. दोघांचे नाव एकच. एच-६१ हा २०११ चा चिपसेट. त्याला १६ जीबीपेक्षा जास्त रॅम चालत नाही, वेगवान यूएसबी ३ त्याच्यात स्वतःचे नाही आणि डिस्कचा वेगही जुन्या प्रतीचा. असे बोर्ड अनोळखी नावाच्या नव्या खोक्यात, चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवून बरीच वर्षे विकले गेले. ही वस्तू वाईट नाही, जुनी आहे. जुनी म्हणून, जुन्या भावाने घेतली तर कोणाचे काही जात नाही. एच-६१० मधील शेवटचा शून्य नीट वाचावा, एवढेच.

दुसरी गोष्ट सध्या अनेकांना सतावते आहे. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ज्यांच्याकडे सहाव्या-सातव्या पिढीचे मशीन आहे ते म्हणतात, आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर आणून बसवू, सॉकेट तर तेच आहे. सॉकेट दिसायला तेच आहे, १,१५१ पिनांचेच. तरीही चालत नाही! इंटेलने २०१७ मध्ये आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला आणि काही पिनांची कामेही बदलली. म्हणजे प्रोसेसरबरोबर बोर्डही बदलणे आले. याउलट एएमडीने २०१७ च्या ३०० मालिकेच्या चिपसेटवर आपले २०२० चे रायझन ५००० प्रोसेसर चालवण्याची मुभा २०२२ मध्ये दिली. बोर्ड बनवणाऱ्याने बायोस दिले असेल तर जुन्याच बोर्डवर काम भागते. तेव्हा पुढे काय बसेल हे सॉकेटच्या मापावरून ठरवू नये.

चिपसेटमध्ये खोट निघाली तर केवढे नुकसान होते, हे खुद्द इंटेलने पाहिले आहे. ३१ जानेवारी २०११ रोजी तिने जाहीर केले की नव्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष आहे. डिस्क जोडण्याची काही दारे काळाच्या ओघात कमजोर पडू शकतात. प्रोसेसर निर्दोष होते. तरी माल पाठवणे थांबवावे लागले आणि दुरुस्ती व बदलीचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर धरला गेला. ही चिप बोर्डवर पक्की डाखलेली असते, प्रोसेसरसारखी काढून दुसरी लावता येत नाही. साधा कारागीर तिला हात घालत नाही. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ती बदलून देणारे आहेत, पण जुन्या बोर्डवर तो खर्च परवडतो का, हे आधी पाहावे.

ज्यांचे जुने भरतकाम मशीन किंवा काटा एखाद्या जुन्या पीसीआय कार्डावर चालतो, त्यांनी अधिक सावध असावे. ती खाच नव्या चिपसेटांनी सोडून दिली आहे. नवा कॉम्प्युटर घेण्यापूर्वी ते कार्ड हातात घेऊनच दुकानात जावे.

घरात असलेल्या मशीनचे पाहायचे असेल तर विंडोजच्या शोधपेटीत सिस्टम इन्फर्मेशन लिहून उघडा. तेथे बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर बोर्डचे नाव येते आणि पुष्कळदा चिपसेटचे नाव त्यातच असते. सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम तर चिपसेट वेगळा लिहून दाखवतो. नव्या खरेदीत मात्र बिलावर प्रोसेसरची पिढी, बोर्डचे मॉडेल आणि चिपसेट ही तिन्ही नावे लिहून घ्यावीत. "मदरबोर्ड – १ नग" एवढ्यावर सही करू नये.