कंटेनरचे विलंबशुल्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचे जहाजभाडे, विमा आणि सीमाशुल्क यांचा हिशेब व्यापारी सौदा करतानाच मांडतो. परंतु कंटेनर वेळेत न हलल्यामुळे चढत जाणारे विलंबशुल्क त्या हिशेबात सहसा नसते आणि पुष्कळदा तेच सौद्यातला नफा गिळून टाकते. 1989 साली सुरू झालेल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून महाराष्ट्रातील असंख्य लहान कारखानदार आणि शेतमालाचे निर्यातदार व्यवहार करतात. त्यांच्यात या शुल्काविषयी काही समजुती इतक्या रुळल्या आहेत, की त्यांपायी टाळता येण्याजोगा खर्च अटळ मानून भरला जातो.

गैरसमज : विलंबशुल्क एकच असते आणि ते बंदर घेते.

वस्तुस्थिती : येथे दोन वेगळे पक्ष दोन वेगळ्या गोष्टींसाठी आकारणी करतात. कंटेनर ज्या जागेवर उभा असतो तिचे भाडे टर्मिनल किंवा सीएफएस, म्हणजे सीमाशुल्क विभागाच्या देखरेखीखालील बंदराबाहेरचे साठवण-आवार, घेते. व्यवहारात त्याला ग्राउंड रेंट किंवा डेमरेज म्हणतात. कंटेनर ही पेटी मात्र बहुधा शिपिंग लाइनच्या ताब्यातील मालमत्ता असते आणि मोफत मुदतीनंतर ती अडकवून ठेवल्याबद्दल लाइन जे शुल्क लावते, ते डिटेन्शन होय. ही दोन्ही शुल्के एकाच वेळी चढू शकतात, त्यामुळे एक भरले म्हणून दुसरे चुकत नाही. काही देशांत आवारातील विलंबासाठी लाइन घेते त्या शुल्कालाही डेमरेज म्हटले जात असल्याने करारातील व्याख्या वाचणे आवश्यक ठरते.

गैरसमज : मोफत दिवस माल सुटल्यापासून आणि सुट्ट्या वगळून मोजतात.

वस्तुस्थिती : आयातीत डिटेन्शनची मोजणी सर्वसाधारणपणे कंटेनर जहाजावरून उतरल्यापासून सुरू होते, रिकामा कंटेनर लाइनने सांगितलेल्या यार्डात परत गेल्यावरच थांबते आणि तीत बहुधा रविवार व सणही धरले जातात. समजा, कंटेनर 3 तारखेला उतरला, तो दिवस धरून 7 दिवस मोफत आहेत, बँकेतून कागद उशिरा सुटल्याने तो 10 तारखेला भिवंडीच्या गोदामाकडे निघाला आणि रिकामा होऊन 13 तारखेला यार्डात पोहोचला. तर मोफत मुदत 9 तारखेलाच संपलेली असल्याने 4 दिवसांचे डिटेन्शन लागते. हे दर टप्प्याटप्प्याने वाढणारे असतात, म्हणून शेवटचे दिवस पहिल्या दिवसांहून महाग पडतात. गोदामात माल लवकर उतरवून घेणे आणि रिकामी पेटी त्याच दिवशी परत धाडणे हाही म्हणूनच बचतीचा भाग आहे.

गैरसमज : जहाज लागल्यावर कागदपत्रांना सुरुवात करणे पुरेसे आहे.

वस्तुस्थिती : सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 46 मध्ये 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे घोषणापत्र, काही अपवाद वगळता जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हावे लागते आणि ते अपेक्षित आगमनाच्या 30 दिवस आधीपासून देता येते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये व पुढे रोज 10,000 रुपये आकार लागू शकतो. त्याखेरीज मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाच्या मालकीहक्काचा जहाजी दस्तऐवज, बँकेमार्फत येत असेल, तर तो लाइनकडे जमा होईपर्यंत डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याचा आदेश, मिळत नाही. दीर्घ परिचयाच्या विक्रेत्याशी व्यवहार असेल आणि पतपत्राची अट नसेल, तर मूळ प्रतीविना माल सोडण्याची सोय आधीच ठरवता येते.

गैरसमज : सीमाशुल्क विभागाने माल अडवला, तर सर्व शुल्क माफ होते.

वस्तुस्थिती : यात अर्धेच सत्य आहे. 2009 च्या विनियमांनुसार विभागाने जप्त किंवा अटकावून ठेवलेल्या मालावर सीएफएससारख्या अभिरक्षकाने भाडे घेऊ नये अशी तरतूद आहे; 2018 च्या विनियमांनुसार पडताळणीसाठी अडवलेल्या मालाच्या नोंदी बरोबर निघाल्यास लाइनने डिटेन्शन मागू नये, मात्र 60 दिवसांनंतर ते मागता येते. नोंदींतच चूक आढळली, तर हे संरक्षण उरत नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने विमानतळ प्राधिकरणाच्या प्रकरणात असा निर्णय दिला होता, की विभागाचा अटकाव चुकीचा असला तरी मालाच्या अभिरक्षकाचा डेमरेजचा हक्क बुडत नाही. त्यामुळे वर्णन, वर्गीकरण आणि मूल्य अचूक लिहिणे हाच आयातदाराच्या हातातला सर्वांत भक्कम बचाव आहे.

गैरसमज : माल सोडून दिला की देणेही संपते.

वस्तुस्थिती : कलम 23 नुसार मालावरील हक्क सोडल्यास शुल्कातून, म्हणजे सरकारी करातून, सुटका होऊ शकते, लाइनशी झालेल्या करारातून होत नाही. 30 दिवसांत न सुटलेला माल कलम 48 खाली विकला जाऊ शकतो आणि कलम 150 नुसार त्या रकमेतून विक्रीखर्च, वाहकाचे देणे, सीमाशुल्क व अभिरक्षकाचे देणे क्रमाने वजा झाल्यावर उरलेच, तर मालकाच्या हाती काही येते.

गैरसमज : हा प्रश्न केवळ आयातदारांचा आहे.

वस्तुस्थिती : निर्यातदाराने रिकामा कंटेनर उचलला की त्याचीही मुदत सुरू होते आणि भरलेला कंटेनर बंदरात वेळेत पोहोचला नाही किंवा जहाज चुकले, तर शुल्क चढते. द्राक्षांच्या शीतकंटेनरला, म्हणजे रीफरला, आवारात उभे असताना विजेचा आकारही पडतो. डिसेंबर 2023 मधील कांदा निर्यातबंदीसारखा निर्णय अचानक झाला, तर भरलेल्या कंटेनरचा भार कोणी उचलायचा, हे खरेदीदाराशी केलेल्या करारात आधीच लिहिलेले असावे.

या सर्वांतून एकच निष्कर्ष निघतो, की विलंबशुल्क बंदरात नव्हे, तर जहाज निघण्यापूर्वी टाळले जाते. मोफत दिवस वाढवून घेण्याची ताकद भाडे ठरवताना असते आणि कंटेनर उतरल्यावर ती उरत नाही, म्हणून किती दिवस, कोठून मोजायचे आणि कोणत्या यार्डात परत द्यायचे हे लेखी घ्यावे. बिल आल्यावर त्यातील तारखा गेटपास व रिकामी पेटी परत केल्याच्या पावतीशी ताडून पाहाव्यात. अमेरिकेत मे 2024 पासून लागू झालेल्या नियमाने असे बिल 30 दिवसांत आणि ठरावीक तपशिलांसह देणे बंधनकारक केले आहे. असा तपशील मागण्याची सवय येथील लहान व्यापाऱ्यानेही लावून घेतली, तर चुकीची आकारणी मुकाट भरण्याची वेळ त्याच्यावर फारशी येणार नाही.