बोट मुरगावास उभी असता

समुद्रापासून दूर असलेल्या माळव्यात वाढलेल्या आपल्या मंडळींना जलप्रवासाचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच होय. इंदूरहून सायंकाळी अवंतिका एक्स्प्रेसने निघावे, पहाटे मुंबई सेंट्रलला उतरावे आणि त्याच दिवशी बॅलार्ड पिअरहून गोव्याच्या पर्यटन-बोटीवर चढावे, इतके ते आता सुलभ झाले आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतरची फेरी निवडली म्हणजे चातुर्मासाच्या नियमासही बाध येत नाही.

बोट मुरगावच्या धक्क्यास लागली की बहुतेक उतारू समुद्रकिनाऱ्याकडे धावतात. समुद्र तर बोटीवरून दिसतच असतो! त्यापेक्षा तो दिवस गोव्याच्या अंतर्भागातील हिरव्या वाटांस द्यावा, असे आमचे मत आहे.

अशा सफरीचा आराखडा मात्र मुदतीच्या हुंडीप्रमाणे शेवटच्या तारखेकडून मागे मांडीत यावा. समजा, बोट सायंकाळी सहास सुटणार आहे. उतारूंनी तत्पूर्वी तासभर तरी परत यावे, असा दंडक असतो. म्हणजे पाच वाजले. बंदराच्या फाटकापासून धक्क्यापर्यंत, तपासणीसह, अर्धा तास धरावा. त्यामागे वाहतूक खोळंबण्यासाठी आणखी अर्धा तास हाताशी ठेवावा. म्हणजे फाटकाशी चार वाजता पोहोचले पाहिजे. फोंड्याहून परतीस सव्वा ते दीड तास लागतो. तेव्हा अडीचच्या सुमारास, जे पाहिले तेवढ्यावर समाधान मानून, मोटार परत फिरवावी. बोटीच्या कंपनीने स्वतः काढलेल्या सफरीस उशीर झाला तर बोट सहसा थांबते. आपण स्वतंत्रपणे गेलो असता ती थांबत नाही. वडीलधारी माणसे व मुले बरोबर असता पुढील बंदर स्वखर्चाने गाठण्याचा प्रसंग किती जाचक, हे सांगावयास नको. चारची वेळ पाळण्याचा आणखी एक लाभ आहे. डिसेंबरात गोव्यास सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो; चौविहार पाळणाऱ्यांस बोटीवर येऊन वेळेत भोजन उरकता येते. त्यांनी भोजनाची वेळ व कंदमूळवर्ज्य पदार्थ यांविषयी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवून ठेवावे.

मार्ग सुमारे नव्वद किलोमीटरांच्या वळशाचा असून त्यात एकच रस्ता दोनदा फारसा येत नाही. वास्कोहून कुठ्ठाळीस यावे. हेच जुने कुशस्थळ. श्रीमंगेशाचे मूळ स्थान येथे होते. पोर्तुगीज अंमलातील छळामुळे १५६० साली भक्तांनी देव नदीपार प्रियोळास नेला. ती मंडळी जी जुवारी नदी ओलांडून गेली, तीच आपण २०२२-२३ मध्ये दोन टप्प्यांत खुल्या झालेल्या तारांच्या नव्या पुलावरून काही मिनिटांत ओलांडतो. पलीकडे आगशीनंतर गोवा वेल्हा लागते. कदंब राजांनी अकराव्या शतकात येथेच गोपकपट्टण ही राजधानी व बंदर भरभराटीस आणले. पुढे नदी गाळाने भरली, व्यापार मांडवीकाठी सरकला. आज तेथे थांबून पाहण्यासारखे थोडे. पण ज्या पेठेने परदेशचे व्यापारी पाहिले तिच्यावरून जाताना व्यापाऱ्याने मोटार जरा सावकाश हाकावयास हरकत नाही.

जुन्या गोव्यातील दोन मोठी चर्चे तासाभरात पाहून होतात. डिसेंबरच्या ३ तारखेस तेथे सेंट झेवियरचा उत्सव असतो. त्या दिवशी ही वाट धरूच नये. मग बाणस्तारीचा पूल, भोम, मंगेशी, आणि फर्मागुढीहून बांदिवडे.

या सफरीचा खरा हेतू बांदिवड्याची जैन बस्ती. नेमिनाथांच्या येथील चैत्यालयाचा उल्लेख पंधराव्या शतकातील शिलालेखात आहे. आज छत नाही, मूर्ती नाही. जांभ्या दगडाच्या भिंती व कमानी तेवढ्या उभ्या आहेत. गोवा शासनाने ही वास्तू संरक्षित केली आहे. पुजारी, दानपेटी किंवा गर्दी यांपैकी काही नाही, म्हणून टॅक्सीवाले येथे आपणहून आणीत नाहीत; भाडे ठरवितानाच नाव सांगावे. काच मंदिराचा लखलखाट पाहिलेल्या डोळ्यांना प्रथम ओकेओके वाटेल. तरी अर्धा तास तेथे निवांत बसावे, णमोकार म्हणावा. डिचोलीकडील कुडणे येथेही अशीच भग्न जैन वास्तू आहे. स्थानिक लोक तिला गुजीर म्हणतात आणि या नावाचा संबंध गुजर व्यापाऱ्यांशी जोडतात. एका दिवसात दोन्ही साधण्याचा मोह आवरावा.

मोटार चालकासह घ्यावी हे उत्तम. स्वतः चालविणे असेल तर काळ्या पाटीवर पिवळे अंक असलेलीच गाडी भाड्याने घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळाली तरी ते बेकायदेशीर होय. बोटीचे कार्ड, सरकारी ओळखपत्र, उकळलेले पाणी व घरचे खाखरे प्रत्येकाच्या पिशवीत असावेत. बोरीचा जुना पूल अरुंद असून त्यावर वाहने अडकतात. मघाचा राखीव अर्धा तास खर्ची पडावयाचा तो बहुधा येथेच. पूल ओलांडला की लोटली, वेर्णा करीत वास्कोस येता येते.