फ्लॉपवरची पैज कधी लावावी?

टेक्सस होल्डेम खेळणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा पडणारा प्रश्न फ्लॉपवरचा असतो. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, पैजेची पहिली फेरी होते आणि मग टेबलावर तीन पत्ते उघडतात, तोच फ्लॉप. पहिल्या फेरीत ज्याने शेवटचं रेज केलं, त्यानेच फ्लॉपवरही पैज लावली की ती कंटिन्युएशन बेट, थोडक्यात सी-बेट.

पत्ते लागले नाहीत तरी ती लावता येते. हातात जोडी नसेल, तर फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही जमण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. आपलं जसं हुकतं, तसं समोरच्याचंही. पॉटमध्ये ६०० चिप्स असताना २०० लावल्या, तर चारात एकदा त्याने पत्ते टाकले तरी हिशेब बरोबरीत सुटतो.

आमच्याकडे शनिवारी पैशांशिवाय, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर डाव बसतो. परवा भाचीने एक्का-राणीवर रेज केलं, बिग ब्लाइंडला बसलेल्या दाजींनी तेवढं कॉल केलं. फ्लॉप आला इस्पिकचा राजा, बदामची सत्ती, किल्वरची दुर्री. तिने चेक केलं आणि डाव संपल्यावर म्हणाली, "मामा, काही लागलंच नव्हतं ना!"

अगं, पण दाजींना तरी काय लागलं असणार? या फ्लॉपवर रंग किंवा सिक्वेन्सची आशा धरून थांबायला जागाच नाही. शिवाय एक्क्यांची किंवा राजांची जोडी असती, तर त्यांनी आधीच पुन्हा रेज केलं असतं. मोठे पत्ते तिच्याकडे असण्याचा संभव जास्त, हे दाजींनाही कळतं. इथे छोटी पैज लावायचीच.

तेच छक्की-सत्ती-अठ्ठी आली असती, त्यातही दोन किल्वरची, तर मीही चेक केलं असतं. बिग ब्लाइंडवरून लोक नव्वी-सत्ती, पंजी-चौकी असल्या पत्त्यांवरही कॉल करतात. असा फ्लॉप त्यांचाच.

माझ्या मते मात्र आपल्या पत्त्यांपेक्षाही समोर किती जण आहेत हे आधी मोजावं. एकटा असेल तर तो हुकण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश. तिघं असतील तर तिघंही एकदम हुकण्याची ३० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही कुणीतरी रंगाच्या आशेने थांबतोच. तिघांसमोर रिकाम्या हाताने पैज लावणं मला अजिबात पटत नाही.

१९९५चे विश्वविजेते डॅन हॅरिंग्टन यांच्या २००४च्या पुस्तकामुळे ही चाल घरोघरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचली. ओळखीची झाल्यावर लोक तिला सहज कॉल करू लागले. म्हणून कॉल आला, की पुढच्या पत्त्यावर आपोआप दुसरी पैज लावू नये. एक्का-राणीला एक्का मिळाला तर लावावी. चौकी आली तर चेक करावं. आणि समोरचा कधीच पत्ते टाकत नसेल, तर पैज फक्त लागलेल्या पत्त्यांवरच.