विश्लेषण : पिंपळे गुरवच्या रंगमंदिराला ज्यांचे नाव आहे, ते निळू फुले फक्त ‘वाड्यावरचे पाटील’ होते का?

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल. याच पटेलांच्या पहिल्या चित्रपटाचा एक खांब असलेल्या नटाचे नाव शहरातल्या एका नाट्यगृहाला आहे. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह यांच्या जोडीला पिंपळे गुरवमध्ये महापालिकेचे निळू फुले रंगमंदिर उभे आहे. मात्र आज विशीत असलेल्या प्रेक्षकाला या नावाबरोबर आठवते ते नकलाकारांनी घरोघरी पोचवलेले एकच वाक्य. बाईंना वाड्यावर बोलावणारे. चार दशकांची कारकीर्द एका नकलेत मावते का?

सुरुवात कुठून झाली?

नीळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्याचे. तरुणपणी ते पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले. लोकनाट्यात संहिता हा नुसता सांगाडा असतो. समोरच्याने टाकलेला शब्द झेलून तिथल्या तिथे परतवावा लागतो आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाचा श्वासही ऐकावा लागतो. फुले यांच्या पडद्यावरच्या संथपणामागे ही तालीम आहे. वाक्य कुठे सोडायचे आणि कुठे गिळायचे, हे त्यांना प्रेक्षकांनी शिकवले होते.

खलनायक म्हणून ते इतके खरे का वाटले?

१९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधल्या झेले अण्णाने ते चित्रपटात आले आणि टिकले. काळही तसा होता. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने वाढले. गावात सत्तेची नवी माणसे दिसू लागली. ती सरपंच होती, चेअरमन होती, सभापती होती. तोवरचा पडद्यावरचा दुष्ट माणूस डोळे वटारायचा, गडगडाटी हसायचा. फुले यांचा दुष्ट माणूस हळू आवाजात, जवळजवळ आपुलकीने बोलायचा. घोगरा स्वर, तिरकी नजर आणि मध्येच घेतलेला लांब विराम. त्या विरामातच धमकी असे. गावाकडच्या प्रेक्षकाने असा माणूस रोजच्या व्यवहारात पाहिलेला होता. सोलापूर, लातूर, नगरकडून येऊन पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत लागलेल्या कामगारांनाही तो कुणी समजावून सांगावा लागला नसणार.

अर्थात या यशाचा फटकाही बसला. तमाशापटांच्या लाटेत निर्मात्यांना तोच पाटील पुन्हा पुन्हा हवा होता. फुले यांनी असे अनेक चित्रपट केले आणि त्यातले बरेच आज पाहवत नाहीत, हे मान्य करायला हवे. नक्कल जन्मली ती तिथून.

मग वेगळे काय केले?

आधी नाटक. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये कमलाकर सारंग यांनी त्यांना सखारामची भूमिका दिली. टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा हा माणूस रंगमंचावर आला आणि वाद न्यायालयात गेला. फुले यांनी त्याला राक्षस केले नाही, म्हणून तो अधिक अस्वस्थ करणारा ठरला.

नंतर ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक तेंडुलकर. हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात गेला. यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट पोशाखाने, बोलीने फुले यांच्या नेहमीच्या पाटलांसारखाच. फरक असा की हा पाटील हळूहळू घाबरतो. डॉ. श्रीराम लागू यांचा दारुडा मास्तर मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो आणि प्रत्येक वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचा रुबाब थोडा थोडा गळत जातो. आपणच लोकप्रिय केलेला साचा एखाद्या नटाने आतून असा उसवलेला क्वचितच दिसतो.

चार वर्षांनी, १९७९ मध्ये, पटेल-तेंडुलकर जोडीनेच अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर ‘सिंहासन’ केला. सत्ताधाऱ्यांच्या गर्दीत फुले यांच्या वाट्याला सत्ता नव्हतीच. ते झाले दिगू टिपणीस, मंत्रालयात वावरणारा पत्रकार. तो सगळे पाहतो, त्याला सगळे कळते आणि हातात काहीच नसते. खांद्याला पिशवी लावलेला हा साधा माणूस पाहताना वाड्यावरचा पाटील आठवतच नाही.

हिंदीत त्यांना किती वाव मिळाला?

फारसा नाही. ‘कुली’, ‘मशाल’ अशी नावे आहेत, पण लक्षात राहतो तो महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मधला (१९८४) राजकारणी गजानन चित्रे. हिंदी प्रेक्षकाला तिथे दोन-चार प्रसंगांतच मराठी गावाने ओळखलेली ती शांत दहशत भेटली.

पडद्याबाहेरचे निळू फुले कसे होते?

पडद्यावर लोकांना लुबाडणारा हा माणूस आयुष्यभर समाजवादी राहिला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्यांनी साथ दिली. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते डॉ. लागू यांच्यासह उभे राहिले. १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज ज्याला फक्त नक्कल माहीत आहे, त्याने ‘सामना’ आधी पाहावा आणि ‘सिंहासन’ नंतर. क्रम उलटा केला तर दिगू टिपणीसचे नवल तेवढे जाणवणार नाही.